काम घरात, पद रुग्णालयात

पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडताना हातात जे डिस्चार्ज कार्ड देतात त्यावर औषधं असतात, पुढच्या तपासणीची तारीख असते, फार तर ‘फिजिओथेरपी चालू ठेवावी’ अशी एक ओळ असते. संडासाला दोन पायऱ्या चढून जावं लागतं, मोरीत धरायला काही नाही, भांडं भारतीय पद्धतीचं आहे आणि घरी निघालेली बाई आयुष्यभर खाली बसून भाकऱ्या करत आली आहे, यातलं काहीच त्या कार्डावर येत नाही. जिथे हे कार्ड संपतं तिथून ज्याचं काम सुरू होतं तो ऑक्युपेशनल थेरपिस्ट. सरकारी मराठीत व्यवसायोपचारतज्ज्ञ, आपसात नुसतं ओटी. भारतात या व्यवसायाला पाऊणशे वर्षं झाली. एवढ्या काळात तो घरापर्यंत किती पोचला, घरोघरी जाऊन हे काम करणाऱ्याचं त्यावर भागतं का, आणि भागत नसेल तर नेमकं कुठे अडतं, हे पाहण्यासारखं आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगून ठेवणं बरं. गरज भरपूर आहे आणि शिकलेली माणसंही आहेत. नाही ते पद. शिक्षण, नोकरी आणि पैसा ही तिन्ही रुग्णालयाच्या इमारतीला बांधलेली आहेत, आणि या विद्येचा खरा कस मात्र त्या इमारतीबाहेर लागतो.

घरी येणाऱ्या कुठल्याही थेरपिस्टला आपल्याकडे ‘फिजिओवाल्या मॅडम’च म्हणतात. त्यात लोकांची फार चूक नाही. दोन्ही विद्यांची हद्द बरीच एकमेकींत मिसळलेली आहे. आखडलेला खांदा मोकळा करणं, तोल सांभाळायला शिकवणं दोघींनाही येतं. पण फिजिओथेरपिस्ट मुख्यतः हात किती वर जातो, किती जोर लावतो ते बघते. ओटी विचारते, सकाळी उठल्यापासून कोणकोणती कामं या हाताने करायची आहेत? मग ती एकेक काम सुटं करून बघते: कुठे बसायचं, काय धरायचं, कोणता भाग जमतो, कोणता अडतो. जो अडतो तो तीन तऱ्हांनी सुटू शकतो. माणसाची क्षमता वाढवायची, काम करायची रीत बदलायची, नाहीतर जागा आणि वस्तू बदलायच्या. रुग्णालयात पहिलीवर भर राहतो, कारण बाकीच्या दोन्हींसाठी लागणारं घर तिथे नसतं.

घरात मात्र कामाला तोटा नाही. आंघोळीला खाली बसायची सवय असलेल्या माणसाला प्लॅस्टिकचं स्टूल द्यायचं, पण ओल्या फरशीवर ते सरकतं, म्हणून पायांना रबरी टोपणं हवीत, आणि बादलीही उंचावर हवी, नाहीतर तांब्या भरायला वाकताना पडण्याची भीती तशीच राहते. परकराच्या नाडीऐवजी इलॅस्टिक आणि ब्लाउजला पुढून हुक एवढ्यावर एका हाताने कपडे घालणं जमून जातं. भाकरी थापताना परात फिरते, तिच्याखाली ओलं फडकं घातलं की ती जागची हलत नाही. एका हाताने भाजी चिरायला सुरीपेक्षा विळी सोयीची, कारण ती पायाने दाबून धरता येते. पण खाली बसता-उठता येत असेल तर, आणि सुन्न पडलेला हात नकळत पात्याजवळ जाणार नसेल तर. पार्किन्सनच्या रुग्णाचे पाय दारात येऊन थिजतात, तिथे जमिनीवर रंगीत पट्ट्या आडव्या चिकटवल्या की त्या ओलांडायच्या निमित्ताने पाऊल उचललं जातं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला घास भरवताना ते आडवं धरायचं नाही, ठसका लागतो. दोन भिंतींच्या कोपऱ्यात नीट टेकवून बसवलं तरी पुष्कळ फरक पडतो. यात महागडं यंत्र कुठेच नाही. मात्र कोणत्या माणसाला यातलं काय लागू पडेल आणि काय घातक ठरेल, हे ओळखायला शरीररचना, मज्जासंस्था आणि मानसशास्त्र शिकावं लागतं. ऐकीव युक्त्यांवर ते होत नाही.

घरातली माणसं हा या कामाचा दुसरा अर्धा भाग. ‘आई, तुम्ही आता काही करू नका, नुसत्या बसून राहा’ हे सुनेचं वाक्य मायेचंच असतं, पण सहा महिने नुसतं बसून राहिलेल्या सासूबाईंना पुढे खरंच काही करता येत नाही. मेथी निवडणं, शेंगा सोलणं, देवाची वात वळणं ही बोटांची उत्तम कसरत आहे, आणि रबरी चेंडू दाबत बसण्यापेक्षा ती माणूस आपणहून करतो. सासूबाईंना काम द्यायचं म्हणजे सून कठोर, असं शेजारी म्हणणार. ही गाठ सोडवायला खांद्याच्या स्नायूंचं ज्ञान पुरत नाही. चहाचा कप हातात घेऊन अर्धा तास बसावं लागतं, आणि त्या अर्ध्या तासाची नोंद कुठल्या बिलात करायची हे ठरलेलं नाही.

मोजमापाची गोष्टही याला लागूनच येते. रोजच्या कामांतलं परावलंबन मोजायला जगभर वापरली जाणारी बार्थेल मोजपट्टी दहा बाबींची आणि शंभर गुणांची. तिच्यात आंघोळीला अवघे पाच गुण. उकिडवं बसणं, मांडी घालून जेवणं, जमिनीवरून उठणं यांना तिच्यात जागाच नाही. शंभरपैकी नव्वद गुण मिळालेला माणूस आपल्या गावाकडच्या घरात दुसऱ्याच्या आधाराशिवाय संडासला जाऊ शकेलच असं नाही. कॅनडात तयार झालेली एक वेगळी पद्धत आहे, तिच्यात रुग्णालाच विचारतात की तुम्हाला कोणती कामं जमायला हवीत, आणि आज ती किती जमतात व त्यावर तुम्ही किती समाधानी आहात याला गुण द्यायला सांगतात. घरी जाऊन काम करणाऱ्यांना ही दुसरी पद्धत अधिक उपयोगी पडते. अहवाल मागणाऱ्यांना मात्र पहिलीच हवी असते.

हा व्यवसाय भारतात आणला कमलाबाई निंबकरांनी. मूळच्या अमेरिकन एलिझाबेथ लंडी, विष्णू निंबकरांशी लग्न करून इथल्या झाल्या. मराठी वाचकांना लेखिका जाई निंबकर, इरावती कर्व्यांची मुलगी, ठाऊक असतात. कमलाबाई त्यांच्या सासूबाई. फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेला नाव आहे ते यांचंच. १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी भारतातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली आणि १९५८ मध्ये नागपूरला दुसरी. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारत होता. म्हणजे हा व्यवसाय आपल्याकडे उशिरा आला असं म्हणायची सोय नाही, आणि आला तो महाराष्ट्रातच आला.

पण आला तो मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात. शिकवण्याच्या खाटा तिथे, शिक्षकांची पदं तिथे, पोलिओ, अपघात आणि क्षयाचे रुग्णही तिथेच. मनोरुग्णालयांत विणकाम, सुतारकाम, कागदी पिशव्या असे विभाग उभे राहिले; ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत ते काम अजून चालतं. रुग्णालयाबाहेरची खरी शिकवण आधी कुष्ठरोगाच्या कामात दिसते. बोटांची संवेदना गेलेल्या माणसाला गरम भांडं उचलताना कळत नाही, म्हणून भांड्यांच्या मुठींना गुंडाळायचं कापड, अवजारांचे जाड केलेले दांडे, रोज पाण्यात बुडवून, तेल लावून स्वतःचे हातपाय तपासायची सवय. रुग्णालयात दाखवून हे संपत नाही, माणसाच्या अंगणात आणि शेतात टिकावं लागतं. हे काम करणाऱ्यांतले बरेचजण ओटी नव्हते, प्रशिक्षित कार्यकर्ते होते. पुढे सगळ्या सामुदायिक पुनर्वसनाचा तोच साचा ठरला.

घरी जाऊन दिलेल्या या उपचाराचा उपयोग होतो का, या प्रश्नाचं उत्तर पाहिजे तितकं सरळ नाही, आणि व्यवसायातली मंडळी ते सरळ करून सांगतात तेव्हा मला थोडी शंका येते. पक्षाघाताबाबत पुरावा बरा आहे. २००७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या आढाव्यात नऊ चाचण्या आणि १,२५८ रुग्ण होते. रोजच्या कामांवर नेमकं लक्ष देणारी ऑक्युपेशनल थेरपी मिळालेल्या दर अकरा जणांमागे एकाची अवस्था बिघडायची टळली, असा त्याचा हिशोब. औषधांच्या जगात हा आकडा चांगला मानला जाईल.

स्मृतिभ्रंशाची कथा गुंतागुंतीची. नेदरलँड्समध्ये २००६ च्या चाचणीत १३५ रुग्णांच्या घरी पाच आठवड्यांत दहा भेटी दिल्या, आणि रुग्णाची कामं व घरच्यांचं मनोबळ दोन्ही लक्षणीय सुधारलं. सगळ्यांना आशा वाटली. जर्मनीत तोच कार्यक्रम केला तर एकाच सल्ला-भेटीपेक्षा तो सरस ठरला नाही, आणि पुढे इंग्लंडमध्येही फरक दिसला नाही. कार्यक्रमाचा गाभा तोच, पण नेहमीची सेवा वेगळी, थेरपिस्टचा अनुभव वेगळा, घरं वेगळी. आपल्याकडे गोव्यात २००८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी ८१ कुटुंबांची होती. तिथे घरी जाणारे सल्लागार स्थानिक, थोड्या दिवसांत तयार केलेले होते, मागे मानसोपचारतज्ज्ञाचा आधार होता. रुग्णापेक्षा सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला, आणि ज्यांनी असा रुग्ण सांभाळला आहे त्यांना ही गोष्ट लहान वाटणार नाही. गोवा, तमिळनाडू आणि आपला सातारा इथे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर झालेली चाचणी २०१४ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. रुग्णालयातल्या उपचाराला गावातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांची जोड दिली की लक्षणं आणि अक्षमता थोडी अधिक घटतात, असं तिने दाखवलं. ‘थोडी’ हा शब्द संशोधकांचाच.

पण आपल्यासाठी सगळ्यात बोलकी चाचणी अटेंड ही. भारतातली चौदा रुग्णालयं, पक्षाघाताचे १,२५० रुग्ण. थेरपिस्ट पुरेसे नाहीत तर घरच्यांनाच शिकवून पुनर्वसन त्यांच्यावर सोपवावं, ही कल्पना पारखायची होती. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत सारखंच, सत्तेचाळीस टक्के. आपल्या धोरणकर्त्यांना फार आवडणारा एक विचार यात पडला. घरात बाई आहेच, तिला दोन तास शिकवलं की काम झालं, हा तो विचार. त्या बाईच्या अंगावर आधीच काय काय आहे, हे त्यात कुणी धरलेलंच नसतं.

याच्या उलट टोकाला अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा केपेबल कार्यक्रम. गरीब, वयस्कर माणसाच्या घरी पाच महिन्यांत ओटीच्या सहा भेटी, नर्सच्या चार, आणि एक कारागीर जो ओटीने सांगितलेले कठडे बसवतो, सैल पायरी पक्की करतो. काय सुधारायचं ते घरातला माणूस ठरवतो. तीनशे जणांवरच्या चाचणीत, नुसत्या गप्पांच्या भेटी मिळालेल्या गटाच्या तुलनेत या गटाचं परावलंबन पाच महिन्यांनी तीस टक्क्यांनी कमी राहिलं. मला त्यातला कारागीर फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे ओटी कागदावर ‘ग्रॅब बार लावावा’ असं लिहून देते आणि तो लावायला प्लंबर येत नाही, आला तर टॉवेल अडकवायचा दांडा बसवून जातो, जो माणसाचं वजन पेलत नाही.

सगळं एकत्र पाहिलं तर घरच्या भेटीत नुसता सल्ला दिला तर फारसं घडत नाही. नेमकं काम ठरवून, जागा बदलून, पुन्हा पुन्हा जाऊन केलं तर घडतं. आणि त्यासाठी शिकलेला माणूस, वेळ आणि प्रवासखर्च लागतो.

आता गरजेचे आकडे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे साधारण साडेदहा कोटी लोक होते आणि अपंगत्वाची नोंद २ कोटी ६८ लाखांची. वार्धक्याच्या राष्ट्रीय पाहणीत, २०१७-१८ च्या फेरीत, साठीपुढच्या साधारण चौघांपैकी एकाला आंघोळ, कपडे, संडास अशा मूलभूत कामांपैकी किमान एकात अडचण होती. स्वयंपाक, खरेदी, पैशाचे व्यवहार असली कामं धरली तर जवळपास निम्म्यांना. ही माणसं ओपीडीच्या रांगेत दिसत नाहीत, कारण रांगेपर्यंत येणं हीच त्यांची अडचण.

मग पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलगी (या वर्गांत मुलींचीच संख्या जास्त) कुठे जाते? महाराष्ट्रात प्रवेश नीटमधून, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची चार वर्षं आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप, मग राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी. केईएम, सायन, नायर आणि नागपूरच्या शासकीय महाविद्यालयाचं वजन आजही आहे. त्यानंतर सगळ्यात मोठी वाट मुलांच्या थेरपी केंद्रांकडे जाते. स्वमग्नता, चंचलता, विकासातला उशीर यांबद्दल शहरी पालक जागे झाले, आणि झोपाळे, मोठे चेंडू, गाद्या अशा खोल्या उपनगरांत जागोजागी निघाल्या. संवेदी एकात्मतेचा जो सिद्धांत यामागे आहे तो जीन एअर्स या अमेरिकन ओटीचाच. पण अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये पालकांना सावध केलं की पुरावा अपुरा आहे, ठरावीक काळात ठरावीक फरक दिसतो का ते बघा. केंद्रात मूल आठवड्याला दोन-तीन तास असतं. बाकी सगळा वेळ ते घरात जेवतं, भांडतं, शौचाला जातं, शाळेचा गणवेश घालायला रडतं. ज्या ओटी महिन्यातून एकदा तरी घरी किंवा शाळेत जाऊन बघतात त्यांचं काम वेगळं दिसतं, आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायला त्या संकोचतात. मुंबईच्या उम्मीदसारख्या संस्थेने वस्तीतल्या कार्यकर्त्यांना बालविकासाचं प्रशिक्षण देऊन ही दरी वेगळ्या बाजूने भरायचा प्रयत्न केला आहे.

दुसरी वाट मोठ्यांच्या घरभेटींची. पक्षाघात, पार्किन्सन, खुब्याचं हाड मोडलेली आजी, स्मृतिभ्रंशाचे आजोबा. काम मिळतं ते न्यूरोलॉजिस्टच्या चिठ्ठीवर किंवा तोंडी ओळखीवर. गेल्या दहा-बारा वर्षांत घरपोच आरोग्यसेवा देणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांच्या यादीत नर्स, अटेंडंट आणि फिजिओ ठळक असतात, ओटी क्वचित. स्वतंत्र काम करणाऱ्यांची कमाई भेटीवर. ठाण्याहून डोंबिवली, तिथून परत घोडबंदर, असं हिंडताना दिवसाचा मोठा तुकडा रस्त्यात जातो आणि त्याचे पैसे नाहीत. रुग्णाने आयत्या वेळी ‘आज पाहुणे आलेत’ म्हटलं की ती भेट बुडाली. रजा, भविष्य निर्वाह निधी, बाळंतपण यांचा प्रश्नच येत नाही. जिथे फी परवडते त्या घरात बहुधा अटेंडंट, कमोड आणि लिफ्ट आधीच असते. जिथे उंच उंबरठा आणि सार्वजनिक संडास आहे तिथे फी परवडत नाही. बाजारावर सोडलं की हे असंच होणार, त्यात कुणा थेरपिस्टचा दोष नाही.

सुरक्षिततेविषयी एक कामाची गोष्ट अनेक तरुण थेरपिस्टना माहीत नसते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत राहतं घरही येतं. कंपनीत समिती असेल तर तिच्याकडे, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. दार उघडं ठेवणं, वेळापत्रक कुणाला तरी कळवणं, पहिली भेट घरातली बाई असताना घेणं, हे शहाणपण वरिष्ठ मैत्रिणी तोंडी देतात. अभ्यासक्रमात त्याला स्थान मिळायला हवं.

सरकारी योजनांकडे वळलं की पदाचा प्रश्न उघडा पडतो. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्यात अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाण्याची तरतूद आहे आणि ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर त्यासाठी ‘पुनर्वसन कार्यकर्ता’ आहे. तालुक्यातल्या या कार्यकर्त्याला कोण शिकवणार, त्याने बसवलेली खुर्ची योग्य आहे का हे कोण तपासणार? त्या जागी ओटीचं पद कल्पिलेलंच नाही. गंभीर किंवा अनेक अपंगत्वं असलेल्या मुलांना घरीच शिकण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने दिला. समग्र शिक्षा अभियानात अशा विशेष गरजांच्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. त्यात साधनं, थेरपी आणि येणंजाणं बसवायचं.

मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा घरच्या घरी पुनर्वसनाची सेवा हा हक्कच मानतो, कलम १८ मध्ये तसं स्पष्ट म्हटलं आहे. पण त्याच कायद्यात मानसिक आरोग्य व्यावसायिक कोण, याची व्याख्या बघा. मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, मनोविकार समाजकार्यकर्ते, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, सिद्ध यांतले पदव्युत्तर, सगळे आहेत. ऑक्युपेशनल थेरपिस्ट नाही. मनोरुग्णालयांत ज्यांचे विभाग जुने, त्यांनाच घरच्या पुनर्वसनाच्या कायद्यात जागा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यवसाय-वर्गीकरणातही असंच आहे. फिजिओथेरपिस्टना स्वतःचा क्रमांक आहे, २२६४. ओटी २२६९ मध्ये, ‘इतरत्र न मोडणारे आरोग्य व्यावसायिक’ या गाठोड्यात. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोग कायद्याने ओटींना देशपातळीवर ओळख दिली हे खरं. पण त्याने अभ्यासक्रम आणि नोंदणी ठरते. तालुक्यातलं पद ठरवायचं ते आरोग्य विभागाने.

आरोग्य विम्याचा पाया म्हणजे रुग्णालयात दाखल होणं. आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांचं कवच आहे, पण घरी सोडल्यानंतरचा खर्च धरला जातो तो पंधरा दिवसांचा. पक्षाघाताचा माणूस पंधराव्या दिवशी नुकता उठून बसू लागलेला असतो. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना हा एक चांगला अपवाद: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना एक लाखाचं कवच, आणि त्यात नियमित थेरपीही बसते.

परदेशी जाणाऱ्या मराठी ओटींची संख्या लहान नाही, आणि तिकडे होम हेल्थ हे मोठं क्षेत्र आहे. तिथलाही अनुभव हेच सांगतो की करिअर कौशल्यावर जितकं उभं असतं तितकंच पैसे देण्याच्या सूत्रावर. २०२० मध्ये मेडिकेअरने, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याने, घरच्या सेवेचं देयक थेरपीच्या भेटींच्या संख्येपासून तोडलं, आणि भेटींचा हिशोब करणाऱ्या एजन्सींना थेरपिस्ट हा उत्पन्नाऐवजी खर्च वाटू लागला. त्याच मेडिकेअरने २०२२ पासून, जिथे नर्सिंग नाही आणि फक्त थेरपी हवी आहे अशा घरी, पहिली तपासणी ओटीनेही करायला मुभा दिली. अमेरिकेतही हे दार एवढ्या उशिरा उघडलं.

घरी जाणारं पद निर्माण करणं आपल्याला जमत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन मृत्यू कसे घटतात हे १९९९ मध्ये लॅन्सेटमधून दाखवलं. २०११ मध्ये ते देशाचं धोरण झालं. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळाच्या घरी जाते, आणि त्या भेटींचं मानधन ठरलेलं आहे. भेटीचं वेळापत्रक, तपासणीची यादी, वर लक्ष ठेवणारी माणसं, पैसे, हे सगळं कागदावर आहे. जिल्ह्याला एक-दोन ओटी नेमून त्यांच्या हाताखाली तालुक्याचे पुनर्वसन कार्यकर्ते आणि आशा दिल्या, तर प्रत्येक घरी पदवीधर थेरपिस्ट जायची गरज उरणार नाही. पहिली तपासणी आणि आखणी ओटीची, रोजचा सराव कार्यकर्त्याचा, अडलं की पुन्हा ओटी. अटेंडच्या चाचणीत घरच्यांवर टाकलेला भार यात वाटला जातो.

शिक्षणाचीही त्यासाठी तयारी हवी. जागतिक महासंघ पदवीआधी किमान हजार तास प्रत्यक्ष कामाचा आग्रह धरतो. आपल्याकडे ते तास बहुतेक वॉर्डात आणि ओपीडीत भरतात. त्यातले दोनशे तास चाळीत, पाड्यावर, वृद्धांच्या घरी काढले तर निदान मुलींना कळेल की आपल्याला हे काम आवडतं की नाही.

आणि एका ठिकाणी तर नवा कायदाही नको. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत राज्य सरकार २०२४ पासून पासष्ट वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांच्या खात्यात साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये जमा करतं. यादीत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, तीन पायांची काठी, कमोड खुर्ची, कंबरपट्टा असं सगळं आहे. यातलं काय घ्यायचं हे दुकानदार ठरवतो. काठीची मूठ उभ्या माणसाच्या मनगटाच्या सुरकुतीला यायला हवी, म्हणजे कोपर किंचित वाकतो. जास्त उंच काठीने खांदा दुखतो, बुटक्या काठीने पाठ वाकते. वॉकर घेतला आणि संडासाचं दार त्याहून अरुंद निघालं, तर तो पलंगाखाली जातो. पैसे जमा होण्याआधी एक घरभेट, दार आणि उंबरठ्याची मापं, आणि काय घ्यावं याची सही केलेली चिठ्ठी एवढं त्यात घालता येईल. ती भेट देणाऱ्या ओटीचं मानधन योजनेच्याच खर्चात धरावं, सुरुवात दोन-तीन जिल्ह्यांतून करावी. त्याला एक शासन निर्णय पुरतो.